चार खोल्यांची नोंदणी: डिचोली तालुक्यातून

डिचोली तालुक्यातल्या एका जुन्या घरातील चार खोल्या आम्ही पाहुण्यांसाठी रीतसर नोंदवून घेतल्या. पहिला कागद काढल्यापासून नोंदणीपत्र हातात पडेपर्यंत 14 महिने लागले. त्यांतले 9 महिने पर्यटनाशी काडीचा संबंध नसलेल्या कामात गेले: घर कोणाचे, हे कागदावर सिद्ध करण्यात. डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे या आतल्या गोव्यात कोणी होमस्टेचा विचार करत असेल, तर त्याने ही एक गोष्ट आधी मनात पक्की करावी. गादी, एसी, फलक हा सगळा शेवटचा खर्च आहे. आम्ही गाद्या आधी घेतल्या. त्या सात महिने प्लास्टिकच्या वेष्टनात पडून राहिल्या आणि पावसाळ्यात दोन गाद्यांना बुरशी आली.

सुरुवात एक-चौदाच्या उताऱ्यापासून करावी. महाराष्ट्रात जो सातबारा, तो गोव्यात फॉर्म एक आणि चौदा. त्यात कब्जेदाराच्या रकान्यात कोणाची नावे आहेत, कुळाच्या रकान्यात काही लिहिले आहे का, इतर हक्कांत मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची) नोंद आहे का, हे नीट वाचावे. जुन्या घरांच्या बाबतीत तिथे बहुधा आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव सापडते आणि पुढच्या पिढ्यांची नोंद झालेलीच नसते. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा असल्याने मुलगे आणि मुली सारखेच वारस असतात. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. म्हणून प्रत्येक विवाहित वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. तीन भाऊ आणि दोन बहिणी, सगळे विवाहित, म्हटले की दहा सह्या झाल्या. त्यांतले कोणी वारले असेल तर त्यांची मुले, सुना, जावई आले. आमची यादी 17 जणांची झाली.

इथून दोन वाटा फुटतात. पहिली, सगळ्या सहमालकांचा ना हरकत दाखला, मुद्रांक कागदावर आणि नोटरीसमोर. दुसरी, वारसा कागदावर आणण्याची. 2012 च्या वारसाहक्क आणि इन्व्हेंटरी कायद्याखाली विशेष नोटरीपुढे वारसाचा दस्त करता येतो, किंवा दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणी करून घेण्याचा खटला, दाखल करता येते. दस्ताने वारस कोण, एवढेच ठरते. वाटणी होत नाही. वाटणी हवी असेल तर इन्व्हेंटरीला पर्याय नाही आणि तिला वर्षे लागू शकतात. घरात भांडण नसेल तर व्यवसाय सुरू करायला पहिली वाट पुरते. मात्र दाखल्याचा मजकूर सैल ठेवू नये. आमच्या पहिल्या दाखल्यात ‘घराचा व्यवसायासाठी वापर करण्यास हरकत नाही’ एवढेच होते आणि तो एका कार्यालयातून परत आला. दुसऱ्या वेळी सर्व्हे क्रमांक, उपविभाग, घर क्रमांक, खोल्यांची संख्या, पाहुण्यांना निवास हा उद्देश, किती वर्षांसाठी आणि कोणाच्या नावावर, हे सगळे लिहिले. तो एका फेरीत मान्य झाला. 17 सह्या दुसऱ्यांदा गोळा करायला मात्र अडीच महिने गेले.

वारस परदेशात असतील तर त्यांचे मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून मागवावे आणि ते भारतात पोहोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत इथला मुद्रांक भरून घ्यावा. ही मुदत चुकली की तोच कागद दंडाच्या फेऱ्यात सापडतो. गोव्यात जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी बाहेर असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

घर मुंडकाराचे असेल तर घाई करू नये. 1975 च्या मुंडकार कायद्याने घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला आहे आणि त्याची प्रक्रिया मामलेदारांपुढे चालते. ती पूर्ण होऊन जागा नावावर होण्याआधी व्यवसायाचा अर्ज टाकला, तर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, हाती हरकतीचे आयते कारण येते. मये गावचे उदाहरण आपल्या तालुक्यातलेच आहे. तिथल्या जमिनी निर्वासित मालमत्ता (देश सोडून गेलेल्या मालकाची मालमत्ता) म्हणून सरकारी अभिरक्षकाकडे होत्या. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांना स्वतःच्या घराच्या दुरुस्तीसाठीही झगडावे लागले आणि 2014 साली त्या गावासाठी वेगळा कायदा करावा लागला. मयेचा तलाव सरकारी पर्यटन नकाशावर कधीपासून आहे. तलावाकाठच्या घराला कागद नसेल तर त्या नकाशाचा घरमालकाला उपयोग शून्य.

व्यवसायाच्या मंजुरीसाठी पंचायतीकडे जाताना चालू वर्षाची घरपट्टी भरलेली असावी आणि पावतीवरचे नाव व घर क्रमांक उताऱ्याशी जुळवून पाहावा. अनेक वाड्यांवर घरांना जुना आणि नवा असे दोन क्रमांक आहेत. वीज बिलावर एक आणि घरपट्टीवर दुसरा असेल, तर दोन्ही एकाच घराचे असल्याचा दाखला पंचायतीकडून आधी घ्यावा. अर्ज मंडळाच्या बैठकीपुढे येतो, म्हणून बैठकीच्या आधी चार-पाच दिवस तो आत गेलेला बरा. मंजुरी मिळाली की नुसत्या पत्रावर समाधान मानू नये, ठरावाची प्रमाणित प्रत मागून घ्यावी. पुढे प्रत्येक खाते तीच मागते.

किनारी नियमन क्षेत्र (सीआरझेड, जिथे बांधकामावर निर्बंध असतात) म्हणजे समुद्रकाठ, असा समज आतल्या गावांत पक्का आहे. तो चुकीचा आहे. भरतीचे खारे पाणी जिथवर नदीत चढते, तिथवर नदीकाठही त्या क्षेत्रात येतो. 2011 च्या अधिसूचनेप्रमाणे काठापासून 100 मीटर किंवा नदीची रुंदी, यांतले जे कमी असेल ते. मांडवीकाठच्या नार्वे, दिवाडीसारख्या जागी हा पट्टा अगदी घरांपर्यंत पोहोचतो. नार्व्याला सप्तकोटेश्वर आहे, शिवाजी महाराजांनी 1668 साली जीर्णोद्धार केलेला. 2023 साली नूतनीकरण झाल्यापासून महाराष्ट्रातून येणारे लोक आवर्जून तिथे जातात. तिथे जुन्या घरात पाहुणे ठेवायचे असतील तर अंगणात नवी खोली, शौचालय किंवा पत्र्याची शेडसुद्धा उभी करण्याआधी नकाशावर रेषा कुठे आहे ते पाहून घ्यावे. सत्तरीत हाच प्रश्न अभयारण्याच्या सीमेचा आहे.

आता सांडपाण्याकडे येतो, कारण तपासणीत सर्वांत जास्त अडकते ते इथे आणि पुढे सर्वांत जास्त नुकसानही इथेच होते. जुन्या घराची टाकी पाच-सहा माणसांच्या हिशेबाने बांधलेली असते. चार खोल्यांत आठ पाहुणे आणि घरची चार माणसे धरली तर बारा होतात. हिशेब 15 माणसांचा करावा. त्यासाठी मानकानुसार टाकी आतून 2 मीटर लांब, 0.9 मीटर रुंद, आणि दर दोन वर्षांनी उपसणार असाल तर पाण्याची खोली 1.3 मीटर लागते. यापेक्षा लहान टाकीत मैला पुरेसा वेळ थांबत नाही, तो तसाच शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा तुंबतो. नाताळच्या आठवड्यात घर सलग भरले की नेमके हेच घडते.

शोषखड्डा विहिरीपासून किमान 18 मीटर लांब असावा, असे मानक सांगते. आपल्याकडे हे अंतर कमीत कमी समजावे. आपली जमीन चिऱ्याची. जांभ्या दगडात नळीसारख्या पोकळ्या असतात आणि पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर आले की त्या पोकळ्यांतून घाण फार लवकर विहिरीपर्यंत पोहोचते. खड्डा खणताना चिरा भोके-भोकेवाला निघाला तर तिथे खड्डा करू नये, जागा बदलावी. शक्य असेल तर खड्डा विहिरीच्या उताराच्या बाजूला खाली घ्यावा, वर कधीच नाही. विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा तपासून घ्यावे, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये. ऑगस्टचा अहवाल खरा. मे महिन्यात पाणी स्वच्छ निघाले म्हणून आम्ही निश्चिंत होतो. ऑगस्टच्या नमुन्यात कोलिफॉर्म, म्हणजे मैल्याची खूण देणारे जंतू, निघाले. शेवटी खड्डा हलवावा लागला आणि न्हाणीघरांचे पाणी शौचालयापासून वेगळे करून कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) सोडावे लागले. हे वेगळे करण्याचे काम फरशी घालण्याआधी केले असते तर निम्म्या खर्चात झाले असते.

वीज. दीड टनाचा एसी चालताना दीड ते पावणेदोन किलोवॅट खेचतो, गीझर 2 किलोवॅट. चार खोल्यांचे मिळून 14 किलोवॅटच्या वर जाते. जुन्या घराची जोडणी सिंगल फेजची, तीन-चार किलोवॅटची. संध्याकाळी सातला पाहुणे फिरून आले, चारही गीझर एकदम लागले की फ्यूज गेलाच. थ्री-फेज जोडणी मागावी, दोन-दोन खोल्या वेगळ्या फेजवर टाकाव्यात आणि न्हाणीघरांच्या प्रत्येक सर्किटवर 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. आरसीसीबी पावसाळ्यात सारखा पडू लागला तर काही वायरमन तो काढून टाकण्याचा सल्ला देतात. ऐकू नये. जुन्या वायरचा पापुद्रा गेलेला असतो, कौलातून गळणारे पाणी तिथे पोहोचते, म्हणून तो पडतो. वायर बदलावी. अर्थिंगचाही प्रश्न चिऱ्याचाच: मार्च-एप्रिलमध्ये जमीन कोरडी ठणठणीत झाली की अर्थिंग नावापुरते राहते. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावे आणि मोजणी उन्हाळ्यात करून घ्यावी. व्यवसाय सुरू केल्यावर दराचा वर्ग बदलून घेणेही आपलेच काम आहे. घरगुती दरावर चालवले आणि नंतर तपासणी झाली तर फरकाची वसुली मागच्या तारखेपासून होते.

6 डिसेंबर 2025 च्या रात्री हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये आग लागली आणि 25 माणसे गेली. तेव्हापासून परवाने आणि अग्निसुरक्षा यांची तपासणी राज्यभर कडक झाली आहे आणि ती व्हायलाच हवी होती. चार खोल्यांच्या घराला मोठ्या क्लबचे नियम लागत नाहीत, पण धोका त्याच जातीचा आहे. कौलारू घरात वासे, रिपा, माळ्यावरचे जुने सामान, सुकी चुडते, सगळे पेटणारे. आम्ही चार गोष्टी केल्या. माळा पूर्ण रिकामा केला. स्वयंपाकघराजवळ आणि सोप्यावर एकेक एबीसी पावडरचा अग्निशामक ठेवला. प्रत्येक खोलीच्या खिडकीचे गज आतून उघडतील असे केले. आणि दाराला बाहेरून कडी लावण्याची जुनी पद्धत बंद केली, कारण आगीच्या वेळी अंधारात ती कडी जीव घेते. गॅसचे भान ठेवावे: 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर पाहुण्यांच्या स्वयंपाकाला वापरता येत नाही, 19 किलोचा व्यावसायिक लागतो. तो घराबाहेर, हवेशीर कोनाड्यात ठेवावा.

एवढे झाल्यावर 1982 च्या पर्यटन व्यापार नोंदणी कायद्याखालचा अर्ज हे अगदी सोपे काम उरते. मालकीचे कागद, सहमालकांचे दाखले, पंचायतीचा ठराव, खोल्यांचा आराखडा, फोटो, शुल्क. मग माणूस येऊन पाहून जातो. खोल्यांची मापे आराखड्याशी जुळली पाहिजेत, म्हणून मोजपट्टीने स्वतः एकदा मोजून घ्यावे. जुन्या घरांच्या भिंती सरळ नसतात आणि एका टोकाला 3.2 मीटर असलेली खोली दुसऱ्या टोकाला 2.9 निघते. आराखड्यावर दोन्ही आकडे लिहावेत. नाश्ता देणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का, हे अर्जाआधीच विचारून लेखी उत्तर घ्यावे. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेतही 1 ते 6 खोल्यांच्या घराला प्रमाणपत्र मिळते. त्यासाठी घरमालकाने तिथे राहणे आवश्यक आहे.

नोंदणी झाल्यानंतरच्या तीन जबाबदाऱ्या रोजच्या आहेत आणि त्यांत चूक झाली की नोंदणीचा उपयोग राहत नाही. विदेशी पाहुणा आला की 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. सगळे तिला अजून सी फॉर्मच म्हणतात. गावात रात्री इंटरनेट गेले हे कारण चालत नाही, म्हणून पाहुणा दारात असतानाच पारपत्र आणि व्हिसाचा फोटो घ्यावा. दुसरी, दारू. फेब्रुवारी ते मे पाहुणे हमखास हुर्राक (काजूची हलकी दारू) मागतात आणि शेजारच्या भट्टीवर ती ताजी मिळते. परवान्याशिवाय ती विकता येत नाही, बिलात दुसऱ्या नावाने घालताही येत नाही. भट्टी दाखवायला घेऊन जावे. काजू कसा तुडवतात, निरो (काजूचा रस) कसा गळतो, हे पाहायला लोक खूश असतात. तिसरी, वाहन. घरची स्कूटर पाहुण्याला भाड्याने देऊ नये. भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे लागतात. खासगी गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

आता पैशाचा हिशेब, कारण धोरणाचा प्रश्न इथून सुरू होतो. समजा खोलीचा दर रात्रीला 2,000 रुपये आहे आणि पाहुणा बुकिंगच्या संकेतस्थळावरून आला. कमिशन 15 ते 25 टक्के असते. 18 धरू, म्हणजे 360 रुपये. कमिशनवर 18 टक्के जीएसटी, 64 रुपये 80 पैसे. उगमकर कपात (टीडीएस) 1 ऑक्टोबर 2024 पासून 0.1 टक्का झाली आहे, म्हणजे 2 रुपये. हाती 1,573 रुपये. यातून दोघांचा नाश्ता, दोन चादरी, चार अभ्रे आणि दोन टॉवेल यांची धुलाई, रात्रीची 10 ते 12 युनिट वीज आणि झाडलोटीची मजुरी जाते.

वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही आणि आपण नोंदणीकृत नसलो तर संकेतस्थळावरून आलेल्या खोलीचा जीएसटी संकेतस्थळच भरते. अनेकांना हे माहीत नसते आणि सल्लागाराच्या सांगण्यावरून ते विनाकारण नोंदणी करून बसतात. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 12 ऐवजी 5 टक्के कर लागतो. पाहुण्याला ते बरे झाले. पण या 5 टक्क्यांबरोबर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. नव्याने खोल्या उभ्या करणाऱ्या नोंदणीकृत माणसाला गाद्या, एसी, पंप, नळ यांवरचा कर आता स्वतःच्या खिशातून सोसावा लागतो. जुने हॉटेल हा खर्च आधी करून बसले आहे. भार येतो तो नवीन येणाऱ्यावर.

चार खोल्या म्हणजे वर्षाला 1,460 खोली-रात्री. त्यांतल्या किती भरतील? आतल्या गोव्यात देशी पाहुणा स्वतःच्या गाडीने शुक्रवारी येतो आणि रविवारी जातो. वर्षातले 52 आठवडे, दोन रात्री, चार खोल्या: सगळे शनिवार-रविवार भरले तरी 416. रविवार ते गुरुवारच्या रात्री घर रिकामे. 2019 साली गोव्यात सुमारे 71 लाख देशी आणि 9 लाख 37 हजार विदेशी पर्यटक आले. 2024 मध्ये देशी 99 लाखांवर गेले आणि विदेशी 4 लाख 67 हजारांच्या आसपास राहिले. एकूण आकडा कोटीच्या वर गेला म्हणून आनंद व्यक्त होतो, पण माणसे मोजण्यापेक्षा रात्री मोजल्या पाहिजेत. दोन-तीन आठवडे राहणारा पाहुणा निम्म्यावर आला आणि दोन रात्री राहणारा वाढला, तर रस्ते, पाणी आणि कचऱ्यावरचा ताण वाढतो आणि मधल्या वारी खोल्या ओस पडतात. पुरेसा पैसा नसलेला छोटा घरमालक हा फरक सर्वांत आधी सोसतो. पर्यटन खात्याने तालुकानिहाय मुक्कामाच्या रात्री प्रसिद्ध केल्या, तर गुंतवणूक करण्याआधी माणूस निदान अंदाज बांधू शकेल.

मधले वार भरायचे असतील तर गाडी नसलेला पाहुणा आला पाहिजे, आणि तो येत नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू आहे, डिचोलीला दाबोळीपेक्षा तो सोयीचा. पण तिथून गावापर्यंतच्या टॅक्सीचे भाडे कधी कधी एका रात्रीच्या खोलीइतके होते, आणि दुसऱ्या दिवशी कुठे जायचे म्हटले तर पुन्हा टॅक्सी शोधावी लागते. देशभर चालणाऱ्या अॅप-टॅक्सी गोव्यात नाहीत. 2018 पासून गोवा माईल्स ही इथलीच अॅप-टॅक्सी आहे आणि तिच्याविरुद्ध टॅक्सीवाल्यांची आंदोलनेही तेव्हापासून आहेत. त्यांची बाजू खोटी नाही. कर्ज काढून घेतलेली गाडी वर्षातले पाच महिने उभी राहते, हे आम्ही शेजारच्या घरात पाहतो. 2018 च्या खाणबंदीनंतर आपल्या तालुक्यात ट्रक विकून टॅक्सी घेतलेले लोक आहेत. पण किनाऱ्यावरच्या हॉटेलबाहेरच्या स्टँडचा वाद आतल्या गावांवर लादून चालणार नाही. इथे स्टँडही नाही आणि वादही नाही. इथे गाडीच नाही. आम्ही वाड्यावरच्या दोन टॅक्सीवाल्यांशी ठरावीक भाड्याचा लेखी तक्ता केला: विमानतळ, थिवी रेल्वे स्थानक, साखळी, हरवळे, नार्वे, पणजी. तो तक्ता बुकिंगच्या वेळीच पाहुण्याला पाठवतो. त्यानंतर मधल्या वारांची बुकिंगे थोडी वाढली. कदंब या सरकारी बससेवेच्या संध्याकाळच्या दोन जादा बसगाड्या मिळाल्या तर याहून जास्त वाढतील.

आणखी एक अडचण पावसाळ्याची. जाहिरातीत पावसाळी गोवा म्हणजे धबधबे. प्रत्यक्षात दरवर्षी धबधबे, खाणींचे खंदक आणि तळ्यांत उतरायला जिल्हा प्रशासन मनाई करते. 2023 च्या जुलैत बुडून मृत्यू झाल्यावर वन खात्याने अभयारण्यांतले धबधबे काही काळ बंदच केले होते. बंदी योग्यच होती. पण ती जाहीर होताच बुकिंग रद्द होतात, आणि रद्द केल्याचे नियम संकेतस्थळाचे, आपले नव्हेत. म्हणून पावसाळ्यातल्या पाहुण्याला धबधब्याचे आश्वासन देऊ नये. भाताची लावणी, चवथीची माटोळी (गणपतीवर टांगलेली रानफळा-फुलांची आरास), माशेलचा चिखलकाला (चिखलात खेळायचा उत्सव), हे दाखवता येते आणि त्यावर कोणाची बंदी येत नाही. पहिल्या वर्षी पावसाळ्यात रद्द झालेल्या सहा बुकिंगांपैकी पाच धबधब्यांसाठीची होती. दुसऱ्या वर्षी वर्णनातला धबधब्याचा फोटो काढून टाकला.

कचऱ्याचे थोडक्यात: पंचायतीची गाडी सुका कचरा नेते, ओला आपल्याच भाटात (बागायतीत) जिरवावा लागतो. आठ पाहुण्यांच्या दोन दिवसांत एक लिटरच्या तीसेक बाटल्या जमतात. खोलीत तांब्या-भांडे आणि सोप्यावर पाण्याचे फिल्टर ठेवल्यावर त्या पाच-सातवर आल्या.

शेवटी वर्षाचे वेळापत्रक. कौले परतून शाकारणी पहिल्या पावसाआधी संपली पाहिजे, म्हणजे मे महिन्याच्या 10 ते 25 तारखांत. याच पंधरवड्यात महाराष्ट्रातल्या शाळांना सुट्टी असते आणि खोल्यांना सर्वाधिक मागणी येते. पहिल्या वर्षी आम्ही मागणी पाहून शाकारणी पुढे ढकलली. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन खोल्यांत गळती झाली, नव्या वायरिंगच्या पेटीत पाणी गेले. आता 10 ते 17 मे पूर्वेकडच्या दोन खोल्या आणि 18 ते 25 मे पश्चिमेकडच्या दोन खोल्या संकेतस्थळावर जानेवारीतच बंद करून ठेवतो. कौले उतरवणारे गडीही जानेवारीतच सांगून ठेवावे लागतात. वाड्यावर हे काम जाणणारे आता तिघेच उरले आहेत.